पळत्या गाडीला पंखा

कलाबाईच्या पहिल्या स्मृतिदिनाचं भोजनदान घेऊन भंतेजी अकराच्या आत गेले. शेजारची माणसं खीर खाऊन, तिच्या फोटोला हात जोडून गेली. भिंगारच्या त्या अंगणात घरची पाच माणसं उरली, तेव्हा प्रशांतनं मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"एक वाजेपर्यंत," तो म्हणाला. "तोवर ही गाडी जायच्या लायकीची झाली तर ठीक. नाहीतर सगळे माझ्या गाडीनं खर्ड्याला जाऊ. आणि बाबा, मग फियाट देऊन टाकायची. पुण्यात एकजण मागतोय, जुन्या गाड्या सांभाळणारा. शेडमध्ये गंजण्यापेक्षा बरं."

"तुझ्या गाडीनं गेलं तर आईचा शब्द कसा राहील?" रश्मी म्हणाली. ती राहात्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि भावाशी बोलतानाही तिचा आवाज वर्गातला असायचा.

"राहीबाईला भेटायचंच होतं ना? भेटू की."

"भेटायचं नव्हतं दादा. बसवायचं होतं."

खर्ड्याची गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. कलाबाई मास्तरीण म्हणून पहिल्यांदा खर्ड्याला लागली, तेव्हा नव्या बाईला गावात कुणी खोली देईना. राहीबाईनं दिली. पहिल्या संध्याकाळी चुलीपुढं बसवून गरम भाकरी घातली. तेव्हा कलाबाई बोलून गेली होती, "मावशी, एक दिवस मी माझी गाडी घेईन आणि तुला तीत बसवून किल्ल्याला चक्कर मारीन." त्या वेळी तिच्याकडं सायकलसुद्धा नव्हती. पुढं गाडी आली, पण बदल्या आल्या, पोरांच्या शाळा आल्या, आणि चक्कर राहून गेली. मागच्या मार्चात आजार वाढला, तेव्हा तिनं तेवढं एकच मागितलं.

गाडी निघायच्या आदल्या दिवशी कलाबाईच्या नवऱ्यानं, रंभाजीनं, स्वतःच्या हातानं धुतली होती. काचा पुसल्या, सीटवर धुतलेली चादर घातली, जाळीमागची सुटलेली तार टेप मारून नीट केली, मागच्या सीटवर उशी ठेवली. दुसऱ्या दिवशी चिचोंडीच्या पुढच्या चढाला गाडी उकळली. प्रशांत चालवत होता, रंभाजी त्याच्या शेजारी, कलाबाई मागं उशीला टेकून. बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली. दोन तास बाभळीच्या चतकोर सावलीत बसून राहिले, आणि शेवटी एका टेम्पोनं गाडी ओढत परत भिंगारला आणली. मग अठरा दिवसांनी कलाबाई गेली.

गाडीचा पंखा तिच्या धाकट्या भावानं, श्रीमंतनं बसवलेला होता. पाथर्डीला त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याच्या तारा नव्यानं भरायच्या, हे त्याचं काम. कलाबाईच्या जलदान विधीच्या दिवशी, सगळी भावकी बसलेली असताना प्रशांत बोलला होता, "मामाच्या जुगाडापायी आईचं खर्डं राहिलं." श्रीमंत ताटावरून उठून गेला. वर्षभर त्या घरात आला नाही. रंभाजीनं त्या दिवशी त्याला थांबवलं नव्हतं. त्यालाही तसंच वाटत होतं.

आज रश्मीनं फोन करून करून मामाला आणलं होतं. तो वंदनेला सगळ्यांच्या मागं बसला होता आणि आता पिशवी काखेत मारून फाटकाजवळ उभा होता. बाराची पाथर्डी गाडी गाठायची म्हणत होता.

"श्रीमंत," रंभाजीनं हाक मारली. "जरा इकडं ये."

वर्षातला हा पहिला शब्द. श्रीमंत आला, पण शेडच्या बाहेरच थांबला.

"बोला दाजी."

"मला भांडायचं न्हाई. मला समजून घ्यायचंय. ही गाडी का तापती?"

"जुगाड हाय म्हणून," श्रीमंत म्हणाला. आणि प्रशांतकडं बघितलंही नाही.

"ते सोड. हे बघ."

रंभाजीनं खिशातून लहान वही काढली. तीस वर्षं तो एसटीत कंडक्टर होता. इंजिनाचं झाकण त्यानं कधी उघडलं नव्हतं, पण टप्प्याटप्प्याला नोंद करायची सवय हाताला होती. गाडी चालवायची कलाबाई. तो शेजारी बसायचा आणि निघताना डॅशबोर्डवर बोटानं दोनदा ठोकायचा, डबल बेल दिल्यासारखं. तोपर्यंत ती क्लच सोडायची नाही. घरातली हसायची त्यावर. ती गेल्यावर वर्षभरात रश्मी पाचसहा वेळा आली, तेव्हा त्यानं तिला गाडी काढायला लावली आणि शेजारी बसून तापमानाचा काटा वहीत उतरवला. बाईच्या जाण्याचं त्याला काही कळत नव्हतं. हे तरी कळेल असं वाटलं होतं.

श्रीमंतनं वही डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "भिंगार नाका, उभी, काटा मध्ये. निंबोडी, चाळीसचा वेग, मध्येच्या वर. टाकळी, साठचा वेग, पाऊण. टाकळीच्या पुढं झाडाखाली उभी, इंजिन चालू, पाच मिनिटं, काटा खाली आला." त्यानं पान उलटलं. मग परत आधीचं पान काढलं. "हे बरोबर लिवलंय का दाजी?"

"तीस वर्षांत माझी नोंद कुणी खोटी पाडली न्हाई."

"तसं न्हाई. पन हे उलटं हाय." श्रीमंत आपसूक शेडच्या आत आला. "पंखा बिघडला तर गाडी उभ्यानं तापती. शहरातल्या गर्दीत तापती. पळायला लागली की समोरून वारा येतो, मंग ती गार व्हती. तुमची उभ्यानं गार हाय अन् पळताना तापती."

"म्हणजे पंख्याचा दोष नाही?" रश्मीनं विचारलं.

"मला काय म्हाईत? मी जुगाडवाला."

"मामा, आता पुरे हां," घरातून प्रशांतची बायको वृषाली म्हणाली. ती खिरीची भांडी घासत होती. "वर्षभर रुसलात तेवढं बास. चहा टाकू का?"

"टाक," श्रीमंत म्हणाला. त्यानं पिशवी खुंटीला अडकवली. त्या खुंटीवर रंभाजीची छत्री होती. पिशवीनं ती हलली.

बॉनेट उघडलं. सकाळपासून गाडी सुरू केलेली नव्हती, त्यामुळं रेडिएटर गार होता. श्रीमंतनं झाकण काढून आत बोट घातलं, बोट बघितलं, वास घेतला. पाणी पुरेसं होतं, गंजही फारसा नव्हता. रश्मीनं नळाची नळी आणली. खालून पाणी सोडलं तर जेवढं वरून घातलं तेवढं धडाधड बाहेर पडलं.

"तुंबलेला न्हाई," तो म्हणाला. "आता दार बघू."

"कसलं दार?" रंभाजी पुढं वाकला.

श्रीमंतनं इंजिनाच्या डोक्यावरचे दोन बोल्ट काढले आणि आतून पितळेची एक चकती उचलली, मोठ्या बटणाएवढी, मधे स्प्रिंग असलेली. "थर्मोस्टॅट. इंजिन गार असतं तवा ही बंद. पानी आतल्या आत फिरतं. गरम झालं की ही उघडती अन् पानी रेडिएटरकडं जातं. ही अडकून बसली तर गाडी पळताना तापल."

"म्हणजे इंजिनाला गरम व्हायलाच पाहिजे असतं?"

"बेतानं. गार इंजिन पेट्रोल लई पितं अन् झिजतंबी."

रंभाजीला हे नवीन होतं. काटा जितका खाली तितकी गाडी सुखात, असं तो वर्षभर धरून चालला होता. कलाबाईला काटा मधल्या रेघेवर आवडायचा. खाली असला तर ती हळू चालवायची, आणि तो म्हणायचा, अगं आता तरी पळव. ती नुसती हसायची.

"ही उघडती का न्हाई ते गरम पान्यात कळंल," श्रीमंत म्हणाला. "वृषाली, एक पातेलं दे."

"खिरीचं नाही देणार."

"मंग चहाचं दे."

"आणि चहा कशात करू? तुमच्या टोपीत?"

शेवटी अंघोळीचं पाणी तापवायचं जुनं भगुणं निघालं. गॅसवर पाणी ठेवलं, चकतीला दोरा बांधून श्रीमंतनं ती आत सोडली, आणि चौघंजण शेगडीभोवती वाकून उभे राहिले. प्रशांत दाराच्या चौकटीला टेकून मोबाईल बघत होता, पण त्याचं बोट हलत नव्हतं.

"काही होत नाही," वृषाली म्हणाली.

"गप. धीर धर."

पाण्याच्या तळातून बारीक बुडबुडे सुटायला लागले. रंभाजीचा चष्मा वाफेनं धुरकट झाला, त्यानं तो काढून सदऱ्याला पुसला. पुन्हा घातला तेव्हा चकतीचं मधलं झाकण उचललेलं होतं. बोटभर नाही, पण दाण्याएवढी फट स्पष्ट दिसत होती, आणि ती रुंदावत होती.

"उघडलं!" वृषालीच जोरात ओरडली. मग तिलाच हसू आलं. "एवढुसं बटण, आणि त्याला कसं कळतं हो?"

"आत मेण भरलंय. तापलं की फुगतं," श्रीमंत म्हणाला. "म्हंजे हेबी ठीक हाय."

"मग आता काय राहिलं?" प्रशांतनं चौकटीतून विचारलं. सकाळपासून तो मामाशी पहिल्यांदाच बोलत होता, तेही हवेकडं बघून. "राहिला तो पंखाच ना? फिरून फिरून तिथंच आलो. सव्वाबारा झालेत."

श्रीमंतनं थर्मोस्टॅट जागेवर बसवला, पाणी भरलं, आणि रश्मीला गाडी सुरू करायला सांगितलं.

डॅशबोर्डच्या खाली, उजव्या गुडघ्याजवळ एक साधं बटण होतं. रश्मीनं ते खाली केलं. जाळीच्या मागं पंखा घोंघावायला लागला.

"फिरतोय की," वृषाली म्हणाली.

"फिरतोय," श्रीमंतनं मान हलवली. "दाजी, अक्का हे बटण कवा चालू करायची? कवा बंद करायची? काय नेम हुता तिचा?"

रंभाजीनं आठवून बघितलं. तिचा हात स्टिअरिंगवरून खाली जायचा आणि परत वर यायचा, एवढंच त्याला दिसत होतं. त्या वेळी तो रस्त्यावरचे मैलाचे दगड वाचत असायचा नाहीतर मागं बसलेल्या पोरांना ओरडत असायचा. "म्या कधी इचारलंच न्हाई रं," तो म्हणाला. "तिच्या गाडीतलं तिला म्हाईत. प्रशांत, तुला म्हाईत हाय का?"

"नाही," प्रशांत म्हणाला. लगेच म्हणाला. "चालूच ठेवायचा, अजून काय. जास्त वारा, जास्त गार."

"त्या दिवशी चालू हुता?"

"भिंगारपासून चालू होता. एक मिनिट बंद केला नव्हता."

रंभाजी गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला. जाळीसमोर, हातभर अंतरावर. त्याला सदऱ्यावर वारा लागला. बरा वाटला, मार्चाचं ऊन तापलं होतं. तो तसाच उभा राहिला. आणि मग त्याच्या डोक्यात काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. असाच वारा त्याला कुठंतरी लागला होता, आणि तेव्हा कुणीतरी त्याच्यावर ओरडलं होतं.

ओट्यावर रश्मीनं राहात्याहून आणलेली नवी ज्वारी सुपात पडली होती. वृषालीनं सकाळी थोडी पाखडून ठेवली होती आणि कोंडा बाजूला सारला होता. रंभाजीची नजर त्या कोंड्यावर गेली, आणि त्याला बापाचं खळं आठवलं. सातआठ वर्षांचा असताना उफणणीच्या वेळी तो बाप उभा होता त्या तिपाईसमोर नको त्या बाजूला जाऊन उभा राहिला होता. बापानं पाटी उलटी केली तसा सगळा भुसा वाऱ्यानं त्याच्या तोंडावर. "आरं, वाऱ्याच्या अंगाला का हुबा राहिला!" बाप वरून ओरडला होता. दोन दिवस डोळे चोळत होता.

त्यानं ओट्यावरून मूठभर कोंडा उचलला.

"बाबा, काय करताय?" रश्मीनं आतून विचारलं.

"बंद करू नको. चालू ठेव."

त्यानं जाळीसमोर हात धरला आणि मूठ उघडली. कोंडा आत ओढला जायला हवा होता, हे त्याला आता कळत होतं. रेडिएटर आत होता, गार करायचं होतं ते आत होतं. कोंडा हवेत उडाला आणि सगळाच्या सगळा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, मिशांवर, चष्म्यावर येऊन बसला.

वृषाली हसली. मग थांबली, कारण दुसरं कुणी हसत नव्हतं.

"पुढं फेकतोय," श्रीमंत हळू म्हणाला. "वारा बाहेर फेकतोय हा."

"मग उभ्यानं का तापत नाही?" रश्मी इंजिन बंद करून बाहेर आली होती. तिनंच उत्तर शोधलं. "वारा कुठूनही कुठं जाऊ दे, जाळीतून जातोय म्हणजे थोडं तरी गार करतोय. पण गाडी पळायला लागली की समोरून वारा येणार आत, आणि हा फेकणार बाहेर. दोन वारे समोरासमोर. मधे सगळं थांबणार!" तिचे डोळे चमकत होते. "बाबा, म्हणून वेग वाढला की काटा वर जायचा. तुमची वही बरोबर होती!"

श्रीमंत खाली बसला होता. जाळीच्या बाजूनं हात घालून त्यानं तारांचा जोड बाहेर ओढला. बोटाएवढा जोड, वरून टेप गुंडाळलेली. पिवळी टेप.

त्यानं टेप बघितली. बराच वेळ बघितली. मग त्याची मान खुंटीकडं वळली, जिथं त्याची पिशवी होती आणि पिशवीच्या खाली छत्री. छत्रीची मूठ तुटली होती आणि कुणीतरी ती व्यवस्थित, एकावर एक घट्ट वेढे देत बांधली होती. पिवळ्या टेपनं.

हे सगळं रंभाजीनं बघितलं.

"काय झालं?" प्रशांत चौकटीतून खाली उतरला होता.

"तारा," श्रीमंत म्हणाला. "तारांचा जोड चुकलाय. म्हणून उलटा फिरतोय."

"जोड कुणी दिला होता?"

श्रीमंत टेपचं टोक नखानं सोडवत होता. वर न बघता तो म्हणाला, "पंखा कुनी बसवला? मीच बसवला. माझाच जोड."

"झालं," प्रशांत म्हणाला. त्यात राग कमी आणि थकवा जास्त होता. "मी वर्षापूर्वी हेच म्हणालो होतो. तेव्हा मी वाईट ठरलो."

"व्हय. बरोबर हुतं तुजं."

रंभाजीच्या चष्म्यावर अजून कोंडा होता. तो पुसावा असं त्याला वाटलं नाही. आता फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. श्रीमंत तार जोडेल, गाडी चालेल, एकच्या आत निघतील. प्रशांतचं खरं ठरेल, श्रीमंत माफी मागेल, घर एक होईल. जलदानाच्या दिवशी तो गप्प बसला होता, तसाच आज.

"ती टेप माझी हाय," तो म्हणाला.

"दाजी, ऱ्हाऊ द्या."

"का ऱ्हाऊ द्या? माझी हाय. निघायच्या आदल्या दिवशी गाडी धुतली तवा तुझी काळी टेप वितळून सुटल्याली. जोड हातात आला. लाल तार काळीला बांधल्याली, काळी लालला. मला वाटलं, घाईत चुकलाय ह्यो. म्या नीट केलं. लाल लालला, काळी काळीला." त्याचा आवाज सरळ होता, नोंद वाचल्यासारखा. "कला खिडकीतून बघत हुती. काय करताय म्हनली. म्हनलं, तुझी गाडी नटवतोय."

वृषालीच्या हातातली चहाची गाळणी ठिबकत होती.

"पण मामा," रश्मीनं शेवटी विचारलं, "तू लाल काळीला का जोडली होतीस?"

"हा पंखा दुसऱ्या लहान गाडीचा. तिच्यात तो रेडिएटरच्या मागं बसायचा. आपल्या गाडीत मागं जागा न्हाई, म्हणून म्या पुढं बसवला, तोंड फिरवून. तोंड फिरवलं की वारा बाहेर फेकनार. म्हणून तारा उलट्या केल्या, पातं उलटं फिरवलं, वारा परत आत." त्यानं रंभाजीकडं बघितलं. "अक्काला सांगितलं हुतं म्या. तुमाला सांगायला पायजे हुतं. कुनीबी बघनारा म्हनला असता, चुकलंय."

"तू आता का म्हनलास, माझा जोड?"

श्रीमंतनं खांदे उडवले. "तुमी एकलेच ऱ्हाता इथं. मी पाथर्डीला जानार परत. मला काय, वर्षभर सवय झालीया."

रंभाजी त्याच्या शेजारी मातीत बसला. गुडघे कुरकुरले. "दे इकडं," तो म्हणाला. त्यानं लाल तार काळीला पिळली, काळी लालला. श्रीमंतनं खिशातून काळी टेप काढून दिली. वेढे सारखे आले नाहीत. श्रीमंतनं नीट करायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

रश्मीनं बटण दाबलं. रंभाजीनं उरलेला कोंडा जाळीसमोर सोडला. तो सरळ आत गेला आणि रेडिएटरच्या पत्र्यांना चिकटून बसला.

प्रशांत ते बघत उभा होता. घड्याळात पावणेएक वाजले होते, पण त्यानं ते बघितलं नाही. तो मामाजवळ गेला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि म्हणाला, "मामा, चहा गार होतोय."

"तू आन की मंग," श्रीमंत म्हणाला.

प्रशांतनं आणून दिला.

निघताना कोण कुठं बसणार यावरून थोडी गडबड झाली. वृषाली म्हणाली, मी घरी थांबते, राहीबाईच्या सुनेला फोन करून सांगते की निघालेत. श्रीमंतनं मागचं दार उघडलं, तर प्रशांत म्हणाला, "मामा, तू पलीकडून बस. मला या बाजूला बसू दे." ती कलाबाईची बाजू होती, जिथं तिची उशी अजून तशीच होती. त्याची चकचकीत गाडी फाटकाबाहेर तशीच उभी राहिली.

रश्मीनं चावी फिरवली आणि थांबली. वडलांकडं बघितलं. रंभाजीच्या मांडीवर कलाबाईचा फोटो होता. त्यानं काही ठोकलं नाही. तिनं आणखी क्षणभर वाट बघितली आणि क्लच सोडला.

निंबोडी गेली, काटा मध्ये. टाकळी गेली, काटा मध्ये, किंवा केसभर वर. रंभाजीला खात्रीनं सांगता आलं नसतं. वही खिशात होती, त्यानं काढली नाही. पंखा घुमत होता. चिचोंडीच्या पुढं रस्ता मोकळा झाला, उजवीकडं ती बाभळ दिसली, आणि रश्मीनं वेग थोडा कमी केला, जणू गाडी स्वतःच तिथं थांबेल अशी तिला भीती होती.

"रश्मी," मागून प्रशांत म्हणाला. "पंखा बंद कर."

"काय?"

"पळत्या गाडीला पंखा कशाला? बंद कर."

रंभाजीनं मागं वळून बघितलं. प्रशांत खिडकीबाहेर बघत होता, बाभळीकडं. त्याचा हात उशीवर होता.

"ती म्हणाली होती," तो म्हणाला. "इथंच. दोनदा म्हणाली. बाबा, तुम्हाला ऐकू गेलं नसेल, इंजिनाचा आवाज होता. मी म्हणालो, आई, तू गप पड, तुला काय कळतंय त्यातलं."

श्रीमंतनं सावकाश हात लांबवून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

रश्मीचा हात स्टिअरिंगवरून खाली गेला आणि परत वर आला. या वेळी रंभाजी बघत होता. घोंघावणं थांबलं. गाडीत एकदम शांत झालं, आणि मग समोरच्या जाळीतून आत शिरणारा वारा ऐकू यायला लागला, नुसत्या वेगाचा वारा. चढ सुरू झाला. बाभळ मागं गेली. काटा मधल्या रेघेवर होता. रंभाजीनं त्याच्यावरची नजर काढली नाही, चढ संपेपर्यंत, आणि उतार लागल्यावरही थोडा वेळ.

मग त्यानं फोटो डाव्या हातात धरला, आणि उजव्या हाताच्या बोटानं डॅशबोर्डवर दोनदा ठोकलं.